काकाचे ओठ

अक्षदाला माणसं ओठांवरून कळायची. तिच्या आईचे, रंभाचे, ओठ पातळ आणि दमलेले. वाक्य निम्म्यावर सोडून देणारे. चुलत बहीण कुणालीचे भराभर चालणारे, पण अक्षदाशी बोलताना आपसूक सावकाश होणारे. एकट्या काळूराम काकाचे ओठ तिला माहीत नव्हते. काकाची मिशी इतकी दाट आणि खाली उतरलेली, की त्यामागे काय हलतं ते दिसायचंच नाही. काका काय बोलला हे तिला आईकडून कळायचं, म्हणजे आईला सांगावंसं वाटेल तेवढंच.

मग आजोबा गेले आणि दहाव्याला काकाने ओढ्यावर क्षौर केलं. डोकं, दाढी, मिशी, सगळं उतरवून तो घरी आला तेव्हा अंगणातली पोरं त्याच्याकडे टकमक बघायला लागली. अक्षदा मोरीवर भांडी घासत होती. तिनेही मान वर केली. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला काकाच्या नाकाखाली ओठ दिसले. जाड, तंबाखूने काळवंडलेले, आणि नवल म्हणजे अगदी स्वच्छ बोलणारे.

काका ओटीवर टेकला. शेजारी देवजी येऊन बसला. हा देवजी लांबचा नातेवाईक, मुरबाडकडचा, सोयरिकी जमवणारा. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, म्हणून तो दहाव्यालाच कुणालीसाठी स्थळ घेऊन आला होता. दोघांनी आवाज खाली घेतला नाही की तोंड फिरवलं नाही. बहिऱ्या पोरीपासून कोण काय लपवणार?

देवजीची पाठ अक्षदाकडे होती. त्याने काहीतरी विचारलं आणि हात मोरीच्या दिशेने हलवला. विषय आपला आहे हे तिला कळलं. तिने राखेने तपेलं घासत घासत नजर काकाच्या तोंडावर ठेवली.

सगळे शब्द मिळत नाहीत, निम्मे अंदाजाने भरावे लागतात. पण काकाच्या तोंडातून जे निघालं ते एकामागून एक तिच्या हाती आलं. "कल्यान." मग "बहिऱ्यांची शाळा." मग "बाई खूश झाली." मग स्वतःच्या कपाळावर बोट आपटत, "पोरीला सांगितलं, बाई बोलली तुला डोकं नाय." आणि शेवटी हसत हसत, दोन बोटं जुळवून, "दोनी तोंडं बंद."

तपेलं तिच्या हातातून सुटून दगडावर आपटलं. ओटीवरच्या दोघांनी वळून बघितलं, म्हणजे मोठा आवाज झाला असणार. तिने खाली वाकून ते उचललं आणि पुन्हा घासायला घेतलं.

ही बाई म्हणजे सरिता बाई. अक्षदा जन्मतः बहिरी नव्हती. तीन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला आणि कान मिटले. वडील, कोंडू, त्यानंतर वर्षभरात वारले आणि मायलेकी काकाच्या आसऱ्याला राहिल्या. खर्डीच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा होती. मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि अक्षदा भिंतीला टेकून बसायची. मग शहापूरहून सरिता बाई यायला लागल्या. ऐकू न येणाऱ्या, दिसत नसलेल्या, मागे पडलेल्या मुलांना शिकवायचं हेच त्यांचं काम. स्कूटीवरून शाळा-शाळा फिरायच्या. त्यांनी अक्षदाला कानाचं मशीन मिळवून दिलं. पुढ्यात आरसा ठेवून प, ब, म शिकवले. हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात. मग वाक्य बघायचं, माणूस बघायचं आणि कुठला ते ठरवायचं. पाचवीत ती धडा वाचायला लागली. सहावीत बाईंनी तिच्याकडून सगळ्या शाळेसमोर कविता म्हणून घेतली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला मशीनमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारख्या ऐकू आल्या.

सातवी संपली आणि बाई यायच्या थांबल्या. काकाचा निरोप आईच्या तोंडून आला. बाई म्हणाल्या, हिला पुढचं झेपणार नाही, उगाच कशाला दमवता. वाढत्या कानाला मशीनचा आत बसणारा जुना साचा लहान पडला, सेल संपले, मशीन डब्यात गेलं. अक्षदा भात लावायला, लाकडं आणायला, गुरांमागे जायला लागली. त्यानंतर खर्डीच्या बाजारात एकदा बाई लांबून दिसल्या होत्या. अक्षदा लसणीच्या ढिगाआड वाकून बसली आणि त्या जाईपर्यंत उठली नाही. चार वर्षं तिने त्या बाईचा राग पोटात सांभाळला होता. आज तो राग पोटातून उठला आणि समोर ओटीवर बसलेल्या तुळतुळीत डोक्याच्या माणसावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात आई शेण भरत होती. अक्षदा तिच्यासमोर उकिडवी बसली.

"बाई बोलली मला डोकं नाय?"

रंभा खाली बघत काहीतरी पुटपुटली. अक्षदाने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"माझ्याकडं बघून बोल."

रंभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय बोलली बाई तसं. ती तर रोज विचारायची, आठवीला कुठं घालताव म्हनून."

"मंग?"

"तो बॅनर, गो. शहापूरला यष्टी स्टँडवर लावलेला. तुमा पोरांचा मेळावा झाला, त्याचा. त्यावर तुझा मोठा फोटू, मशीन घेताना. काकानं बघितला. गावोगावच्या पावन्यांनी बी बघितला. विचाराया लागले, ही तुमच्यातली का? काका घरी येऊन पेटला. बोलला, कुणालीला कोन करनार? घरात असली हाय म्हनल्यावर?"

"तुला ठाऊक व्हतं."

रंभाने मान हलवली.

"तू काय बोलली?"

"मी काय बोलनार? तुझा बाप नाय. खातो त्याचं." पुढचं तिने पदरात तोंड घालून सांगितलं, ते अक्षदाला दिसलं नाही आणि तिने पदर बाजूलाही केला नाही. आईशी काय करायचं ते नंतर बघू, असं तिने ठरवलं. एका वेळी एकच माणूस.

त्या आठवड्यात खर्डीला जाते सांगून ती जीपने शहापूरला गेली. तिथे एका सरकारी इमारतीच्या आवारात सरिता बाईंची खोली होती. भिंतीवर रंगीत अक्षरं, खाली सतरंजी, आणि एक मुलगा चेंडू पुन्हा पुन्हा टोपलीत टाकत होता. बाई थोड्या जाड झाल्या होत्या. अक्षदाला बघून त्या ताडकन उठल्या आणि त्यांचं तोंड एवढं उजळलं की अक्षदाला दारातच थबकावं लागलं.

"अक्षदा! किती मोठी झालीस गं! सुट्टी लागली का कल्याणला?"

अक्षदाने हे नीट वाचलं. मग सावकाश, प्रत्येक शब्द जागेवर बसवत म्हणाली, "मी कल्याणला कधीच गेली नाय."

बाई खाली बसल्या. काकाने त्यांना शाळेत येऊन स्वतः सांगितलं होतं, की पोरगी कल्याणच्या मूकबधिर निवासी शाळेत घातली, तिथे होस्टेल आहे, सगळी सोय आहे. बाईंना एवढा आनंद झाला, की त्यांनी त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. गावच्या शाळेतून ती सातवी होऊन गेली, खर्डीच्या हायस्कूलला ती कधी आलीच नाही, आणि कल्याणला तिचं नावही कुणाला माहीत नाही. मधल्या मध्ये पोर नाहीशी झाली आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"मी साहेबांकडे जाते," बाई म्हणाल्या. त्यांचे ओठ थरथरत होते, वाचायला अवघड. "तुझ्या काकाला इथे बोलावते. असं कसं कुणी..."

"नको."

"अगं, का?"

"काका माझा हाय," अक्षदा म्हणाली. "मी बघते."

 मग बाईंनी कपाटातल्या डबीतला गुलाबी लगदा काढला, मळून मऊ केला आणि नव्या साच्यासाठी तिच्या कानात भरला. थंडगार गोळा आत जाऊन घट्ट झाला. पंधरवड्याने अक्षदा डब्यातलं मशीन घेऊन परत गेली तेव्हा साचा तयार होता. बाईंनी मशीनमध्ये नवा सेल घातला, ते कानामागे अडकवलं, आणि चेंडू टोपलीत पडल्याचा आवाज ठप्पकन तिच्या डोक्यात शिरला. दहावीला बाहेरून बसता येईल, बाई म्हणाल्या, त्या शिकवतील, फक्त घरच्या मोठ्या माणसाने एकदा येऊन भेटायला हवं, नाहीतर घरातून मध्येच कुणीतरी पुन्हा तिला काढून नेईल.

"येईल," अक्षदा म्हणाली. "माझा काकाच येईल."

काका खळ्यावर एकटा होता तेव्हा तिने त्याला गाठलं. मिशीचे खुंट उगवले होते, पण ओठ अजून उघडे होते. तिने सरळ विषयाला हात घातला. कल्याण, बहिऱ्यांची शाळा, दोन्ही तोंडं बंद. त्याचेच शब्द त्याच्यापुढे ठेवले. काकाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"तुला कोनी सांगितलं? रंभानं?"

तिने बोटाने त्याच्या तोंडाकडे दाखवलं. "तू. दहाव्याला. देवजीला."

काकाचा हात आपोआप तोंडावर गेला.

"शहापूरला चल," ती म्हणाली. "बाईच्या समोर बोल, मी खोटं बोललो. मंग मी शिकनार. नाय आलास, तर मुरबाडचे पावने आले की मी त्यांच्यासमोर जाईन आन मीच सांगीन."

काकाने विस्कटलेला पेंढा पायाने सारला. मग तिच्याकडे वळून, तिला दिसेल असं, मऊपणाने बोलला. "कुणालीचा साखरपुडा होऊ दे, बाय. तुझीच बहीन हाय. एवढा पार पडू दे, दुसऱ्या दिवशी मी येतो. तुझ्या बापाची शपथ."

अक्षदाने विचार केला. कुणाली तिची एकुलती एक मैत्रीण होती. टीव्हीवर काय चाललंय, गावात कोण कुणावर हसलं, हे सगळं कुणालीने चार वर्षं तिला समोर बसून सांगितलं होतं. मुलगा मुरबाडच्या कंपनीत होता, ओमकार नावाचा. त्याचा फोटो कुणालीने सगळ्यांत आधी अक्षदाला दाखवला होता. तिने मान डोलावली. त्या दिवसापासून काका तिच्यासमोर तोंडावर टॉवेल धरून बोलायला लागला.

साखरपुड्याच्या सकाळी अंगणात मांडव होता. बेंजोवाले आले होते, त्यांचे ठोके अक्षदाला तळपायांतून लागत होते. तिने नवा ड्रेस घातला होता, कुणालीनेच दिलेला. काका घाईघाईने आला आणि त्याने तळहात पुढे केला.

"मशीन दे. गर्दीत पडंल कुठं तरी. ठेवतो नीट."

तिने क्षणभर मागेपुढे केलं, मग काढून दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं. मग खळ्याकडे हात करून म्हणाला, "खोपीत पाट हायत, जा आन."

ती गेली. खोपीत पाट नव्हते. भाताचे कणगे होते, जुनं जू होतं, उंदरांचा वास होता. ती वळली तर मागचा उजेड गेलेला. कडी लागल्याचा आवाज तिला आला नव्हता. अंधार झाला तेव्हाच कळलं. तिने दार ढकललं. दोन्ही मुठींनी बडवलं. स्वतःच्या बडवण्याचाही आवाज तिला येत नव्हता, फक्त हाडांत कळ येत होती.

मग ती थांबली. बापाची शपथ, तिला आठवलं. हा माणूस मेलेल्या भावाची शपथ घेऊन खोटं बोलतो. फळीच्या फटीतून मांडवाचा एक कोपरा दिसत होता. पांढऱ्या गाडीतून पाहुणे उतरले. पाणी फिरलं. बायका हसत होत्या. अक्षदा फटीला डोळा लावून उभी राहिली आणि मनातल्या मनात काय बोलायचं त्याची अक्षरं जुळवत राहिली. राग आला की तिची जीभ अडखळायची. आज ती अडखळून चालणार नव्हती.

दार उघडलं तेव्हा समोर आई उभी होती. विधवा म्हणून रंभाला मांडवात पुढे जायचं नव्हतं. ती चुलीपाशी होती आणि तिथूनच तिने काकाला एकट्यालाच खळ्यावरून परत येताना बघितलं होतं. पीठ माखलेले हात तिने अंगाशी धरले होते. तिने लेकीकडे नीट तोंड केलं आणि या वेळी खाली न बघता बोलली.

"जा, आन जे बोलायचं ते मोठ्यानं बोल."

मांडवात मुलाचे वडील जयराम, त्यांची थोरली बहीण भिमी आत्या आणि ओमकार मधोमध बसले होते. कुणाली पाटावर होती, ओटीत नारळ. अक्षदा सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि काकासमोर उभी राहिली. आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नसे. त्या दिवशी तो बेंजोच्या वर गेला असावा, कारण वाजवणाऱ्यांचे हात थांबले.

"मी अक्षदा. कोंडूची मुलगी. कुणालीची बहीन. मला ऐकू येत नाय. तुमाला दिसू नये म्हनून काकानं मला खोपीत कोंडली. माझी शाळा बी ह्यानंच सोडवली." तिने हात पुढे केला. "माझं मशीन दे."

काका जागचा उठला नाही. कुणीतरी त्याला काहीतरी बोललं. त्याने डोकं हलवलं. अक्षदाने हात मागे घेतला नाही. भिमी आत्या त्याच्या खिशाकडे बोट करून काहीतरी म्हणाली. खिशातून मशीनची नळी बाहेर डोकावत होती. सगळा मांडव बघत होता. शेवटी काकाने खिशात बोटं घातली आणि तंबाखूच्या पुडीबरोबर ते मशीन बाहेर निघालं.

तिने ते पुसलं. घाई केली नाही. साचा कानात बसवला, खटका सरकवला. मशीनने शिट्टी मारली, ती पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकली. मग आवाज एकदम आत घुसले. कुजबुज, मूल रडणं, कुणालीचं "अक्षे, काय केलंस गो" आणि काकाचा जड श्वास.

पाहुणे उठून गाडीकडे गेले आणि घोळका करून बोलायला लागले. ते दूर होते, मशीनच्या पल्ल्याबाहेर. पण ऊन त्यांच्या तोंडावर होतं.

जयराम म्हणाले, "घरान्यात असंल हे. उद्या आपल्या नातवंडांत उतरलं तर?"

ओमकार काहीतरी बोलायला गेला, वडिलांनी हाताने गप्प केलं.

भिमी आत्याने मान हलवली. "नकोच ही सोयरीक. पन तसं तोंडावर नको बोलू. बरं नाय दिसत. खोटं बोलले, लपवलं, एवढंच बोल."

अक्षदाने शब्द न् शब्द वाचला. ताप डोक्यात गेला होता, जन्माचं नाही, असं तिथे कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. तिनेही पाऊल उचललं नाही.

ते परत आले. जयरामांनी हात जोडले. "पोरीत खोट हाय म्हनून नाय, काळूराम. आमची काय हरकत नव्हती. पन तुमी लेकराला कोंडलं. जो हे लपवतो तो अजून काय लपवंल? आमी निघतो."

काका त्यांच्या मागे गाडीपर्यंत धावला. टोपी हातात, डोकं उघडं, नव्या केसांचे खुंट उन्हात चमकत होते. गाडीची काच वर गेली. तो रस्त्यात उभा राहिला. अक्षदा अंगणातून हे सगळं बघत होती. छातीत काहीतरी गरम, गोड पसरत होतं, आणि ते लवकर संपू नये असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी कुणाली माजघरात तिच्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले, हातावरची मेंदी तशीच.

"तू बघत व्हतीस त्यांच्याकडं. गाडीपाशी काय बोलत व्हते?"

अक्षदाला वाटलं, हिला सांगावं. तुझ्या बापाची भीती खरी होती, त्या लोकांना मीच नको होते, तुझा बाप लपवो की न लपवो. हिला सांगितलं तर ही बापाला सांगणार. आणि मग तो छाती फुगवून म्हणणार, बघा, मी काय चुकीचं केलं? तेव्हाच ओळखलं होतं मी. दारामागे काका उभा होता. उंबऱ्यावर त्याची सावली दिसत होती.

"तोंडावर बोलले तेच," अक्षदा म्हणाली. "खोटं बोलनाऱ्या घरात नको, बोलले."

कुणाली उठून गेली. पुढचे कितीतरी दिवस ती अक्षदाशी बोलली नाही. टीव्हीसमोर दोघी बसायच्या आणि पडद्यावरची माणसं ओठ हलवायची, पण मध्ये थांबून सांगणारं कुणी नव्हतं. हे होणार हे अक्षदाला ठाऊक होतं. ते दुखलं, तरी तिने शब्द मागे घेतला नाही.

गावात बोललं जायला लागलं, की काळूरामने पुतणीला कोंडलं आणि पोटच्या पोरीचं जमलेलं मोडलं. देवजीने येणं बंद केलं. पाणवठ्यावर बायका रंभाशी आपणहून बोलायच्या आणि काकू, कुणालीची आई, आली की गप्प व्हायच्या. काका शेतावरून घरी आणि घरातून शेतावर, एवढाच उरला. महिनाभराने एका सकाळी तो धुतलेला शर्ट घालून अक्षदासमोर उभा राहिला.

"चल," तो म्हणाला. "शहापूरला."

सरिता बाईंच्या खोलीत त्याने सतरंजीकडे बघत बोलायला सुरुवात केली. अक्षदाने त्याच्या दंडाला हात लावला.

"माझ्याकडं बघून."

काकाने मान वर केली. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "बाईला बी, तुला बी." एवढं बोलून त्याला घाम फुटला. बाईंनी त्याला पाणी दिलं. अक्षदाने काही दिलं नाही. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की मन भरेल. भरलं नाही.

त्यानंतर दर आठवड्याला काका तिला मोटरसायकलवर खर्डीला, शहापूरच्या जीपपर्यंत, सोडायला आणि आणायला लागला. तिने सांगितलं नव्हतं, आईनेही नाही. बाईंनी भूमितीपासून सुरुवात केली. इंग्रजीने तिचा जीव काढला. पहिल्या खेपेला गणित गेलं, दुसऱ्या खेपेला निघालं. कुणालीचं लग्न पुढच्या वर्षी आटगावच्या मुलाशी ठरलं. त्या पाहुण्यांना घरात घेताना दार अक्षदाने उघडलं, पाणी अक्षदाने दिलं, आणि ताप कसा आला होता तेही तिनेच, त्यांनी विचारायच्या आत, सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा प्याले. कुणाली तिच्याशी बोलायला लागली होती, थोडं थोडं. मुरबाडचं नाव मात्र दोघींत कधी निघालं नाही.

दहावी झाल्यावर अक्षदाला शहापूरला अकरावीत प्रवेश मिळाला. त्या दिवशी काका आणि ती परतीच्या जीपची वाट बघत स्टँडवर उभी होती. काका एवढ्या काळात म्हातारा झाला होता.  मग तिच्या मशीनच्या बाजूला येऊन, दिसेल आणि ऐकू येईल असा उभा राहून, त्याने विचारलं.

"अक्षे, एक सांग. मी तुला तवा कोंडली नसती, आधीच सगळं सांगितलं असतं, तर मुरबाडचं लगीन झालं असतं ना गो?"

एवढे दिवस हे त्याला आतून खात होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. एका वाक्यात ती त्याला मोकळं करू शकत होती. तिने ते वाक्य मनात पूर्ण म्हणून बघितलं. मग चार वर्षं म्हणून बघितली. गुरांमागची, लसणीच्या ढिगाआडची.

"झालं असतं, काका," ती म्हणाली.

काकाने हळूच मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं. जीप आली. अक्षदा खिडकीपाशी बसली, तिने दप्तर मांडीवर घेतलं आणि शेजारी त्याच्यासाठी जागा सोडली.